मागाच्या खोलीतला बँड

आमच्या भागात बँड म्हटलं की लोकांना घोडा आठवतो. घोडा, त्यावर घामाघूम झालेला नवरदेव आणि पुढं लाल कोटातले दहा-बारा बाप्ये. त्यामुळं आम्ही तिघींनी बँड काढल्याचं कळलं, तेव्हा गल्लीतल्या एका काकूंनी आधी तारीखच विचारली. त्यांच्या पुतण्याचं लग्न होतं. "घरचाच बँड झाला मंग. येता का व वरातीले?" मी म्हटलं, आम्ही वरातीत वाजवत नाही. "मंग कायले वाजवता?" ह्याला माझ्याकडं तेव्हा उत्तर नव्हतं, आणि उत्तर नसलं की मला राग येतो. अजूनही येतो.

तिघी म्हणजे मी, एक लाखांदूरवाली आणि एक तळ्यावाली. नावं सांगत नाही. तिघींच्याही घरी अजून सोयरिकीची बोलणी चालू असतात, उगीच पुरावा कशाला सोडा.

लाखांदूरवालीचे वडील एसटीत कंडक्टर. ती दर रविवारी एसटीनं आमच्या गावी यायची, गिटार तांदळाच्या पोत्यात गुंडाळून. पोत्यात काय आहे असं कोणी विचारलं की ती मुसळ सांगायची, आणि लोकांना ते पटायचं. पंक नावाच्या गाण्यांचं हे खूळ तिनंच आणलं. आम्ही कॉलेजात एका बाकावर बसायचो, तिथं तिनं मला कानात इअरफोनचं एक बोंडूक घालून ऐकवलं. कुठल्या तरी लांबच्या देशातल्या मुली ओरडत होत्या. त्यांना गाता येत नव्हतं, वाजवायलाही बेताचंच येत होतं आणि त्याचं त्यांना काहीच वाटत नव्हतं. मी तास संपेपर्यंत तेच तेच ऐकत बसले. आपल्याला जे येत नाही तेही मोठ्यानं करता येतं, हे मला कोणी आधी सांगितलंच नव्हतं.

तळ्यावाली आमच्या गावामागच्या मोठ्या तळ्यावर राहते. तिच्या घरचे पिढ्यान् पिढ्या मासे धरतात. लहानपणापासून तिचं काम एकच होतं, डोंग्यात बसून काठीनं पाणी बडवायचं आणि मासे जाळ्याकडं हाकायचे. तिच्या हातात एवढा जोर होता की ड्रम कोण वाजवणार ह्यावर आमची चर्चाच झाली नाही. ड्रम मिळाले एका जुन्या बँडमास्तरच्या गोठ्यात. डीजे आल्यापासून त्याचं सामान तिथं गाईच्या शेजारी पडलं होतं. झांज नव्हती, तिच्या जागी आम्ही स्टीलचं ताट टांगलं. मी बेस गिटार घेतली, कारण तिला चारच तारा असतात, आणि गाणं म्हणायचं कामही मीच घेतलं, कारण माझा आवाज तिघींत वाईट होता.

मी विणकराची मुलगी. आमच्या गल्लीत एके काळी घरोघरी माग होते. आता आमचाच उरला होता, खड्ड्याचा माग. म्हणजे जमिनीत खड्डा, बाबा काठावर बसणार, पाय खाली पावड्यांवर. एक पावडी दाबली की अर्धे धागे वर, दुसरी दाबली की उरलेले वर, मधून धोटा पळणार आणि मग फणीचा ठोका. खट, सर्र, खट. मी ह्या आवाजात जन्मले, ह्या आवाजात पाढे पाठ केले आणि ह्याच आवाजात नापासही झाले.

वाजवायला जागा कुठं मिळणार हा प्रश्न होता. लाखांदूरवालीच्या घरी शेजारी, तळ्यावालीच्या घरी आजारी चुलता. मागाची खोली मात्र आधीच गोंगाटाची होती, तिच्यात आणखी थोडा गोंगाट कोणाला कळणार? मी भीतभीत बाबांना विचारलं. ते धोट्यातली सुताची कांडी बदलत होते. मान वर न करता म्हणाले, "वाजवा. मी काई आयकत नाई."

त्या दुपारी आठवायला बसलं तर त्यांचे वार सापडत नाहीत. सगळी मिळून एकच लांबलचक दुपार वाटते. छपराला एक काचेचं कवेलू होतं, त्यातून उन्हाचा पट्टा खाली यायचा आणि त्यात सुताचा भुसा तरंगत राहायचा, वर जायचा की खाली यायचा ते कळायचं नाही. खळीचा आंबूस वास. कोपऱ्यात तळ्यावाली डोळे मिटून वाजवतेय, दाराशी लाखांदूरवाली पोत्यावर बसलीय, मी मध्ये, आणि भिंतीकडं बाबा खड्ड्यात, कमरेपर्यंत दिसणारे. आम्ही फार बोलत नसू. एक गाणं संपून दुसरं कधी सुरू झालं हेही कधीकधी लक्षात यायचं नाही. मी ओरडत असायचे आणि तरी मला वाटायचं, मी झोपेत आहे, आणि ही झोप कोणी मोडू नये.

पहिलं गाणं मी त्या काकूंच्या रागातूनच लिहिलं. आमच्याकडं मुलगी दारातून बाहेर पडली की तिला जे दोन प्रश्न विचारतात, तेच घेतले. "कुठी जाऊन राहिली? सांगत नाई म्हनून! काहून जाऊन राहिली? मनात आलं म्हनून!" एवढंच. चार वेळा म्हणायचं आणि पाचव्या वेळी नुसतं ओरडायचं. ते गाणं पुढं आमच्याआधी गावात पोचलं. दोन घरांमधल्या आयांनी माझ्या आईकडं तक्रार केली, की पोट्ट्या धड उत्तर देत नाहीत, तुमच्या पोरीचं गाणं म्हणून दाखवतात. आई वरवर रागावली. मला मात्र दिवसभर जमिनीवर पाय ठेवावासा वाटेना.

त्या उन्हाळ्यात बाबांचे गुडघे बसले. आधी उठताना भिंत धरायचे, मग माझा खांदा. भंडाऱ्याच्या डॉक्टरांनी दोन्ही गुडघ्यांचे फोटो काढले आणि स्पष्ट सांगितलं, पावड्या सोडा, नाहीतर वर्षभरात चालणं सुटेल. घर अडणार नव्हतं. आईची शिलाई होती, माझ्या शिकवण्या होत्या.  घरी आल्यावर बाबा आईला म्हणाले, "दसऱ्याले मागाची पूजा करतो, मंग वर येतो." खड्ड्यातून वर येणं म्हणजे काम सोडणं, आमच्याकडं तसंच म्हणतात. आईनं देवापुढं साखर ठेवली.

नवरात्रात आम्हाला पहिला कार्यक्रम मिळाला, लाखांदूरला. शारदेच्या मांडवात दुपारी बायकांसाठी कार्यक्रम असतात, पाककृती, उखाणे, संगीतखुर्ची. लाखांदूरवालीच्या वडिलांनी कोणाला तरी सांगून उखाणे आणि संगीतखुर्ची ह्यांच्या मध्ये आमची दहा मिनिटं लावली. मी आदल्या आठवड्यापासून जमिनीवर नव्हतेच. खोलीत आमची गाणी इतकी घट्ट बसली होती, की झोपेतून उठवलं असतं तरी वाजवली असती.

पहिल्या दोन ओळी नीट गेल्या. मग काय झालं ते मला तेव्हा कळलं नाही. तळ्यावाली पुढं पळायला लागली. लाखांदूरवाली मागं राहिली. मी मध्ये, एकदा हिच्याकडं बघते, एकदा तिच्याकडं. दोन बैल दोन दिशांना ओढतात तेव्हा बंडीचं जे होतं तेच आमचं झालं. मी जास्त जोरात ओरडले, त्यानं आणखी बिघडलं. पुढच्या रांगेतली एक म्हातारी शेजारणीला म्हणाली, "भांडून राहिल्या काय व पोरी?" आणि गाणं मध्येच तुटलं. बायकांनी टाळ्या वाजवल्या. चांगल्या बायका होत्या, आम्हाला वाईट वाटू नये म्हणून वाजवल्या. मला त्या टाळ्यांपेक्षा कोणी चप्पल मारली असती तर बरं वाटलं असतं.

परतीच्या एसटीत तळ्यावाली आणि मी एका बाकावर बसून एकमेकींकडं पाठ करून बाहेर बघत होतो. दोन्हीकडं धान उभं होतं, लोंब्या नुकत्याच भरायला लागलेल्या, आणि खिडकीतून तो गोडसर वास येत होता. एरवी त्या वासानं माझे डोळे आपोआप मिटतात. त्या दिवशी मी उघड्या डोळ्यांनी ठरवत होते, की चूक कोणाची. शेवटी सगळी चूक लाखांदूरवालीची ठरवली, कारण ती बसमध्ये नव्हती.

दसरा आला. बाबांनी मागाला हळदकुंकू लावलं, आपट्याची पानं ठेवली, धोट्याला हात जोडले. आई दारात उभी होती. दुसऱ्या दिवशी सकाळी बाबा भिंत धरून खड्ड्यात उतरले. "आखीन थोडे दिस," एवढंच म्हणाले. आई चुलीकडं वळली. मी बोलले, बरंच बोलले, हट्टी म्हणाले, आईचा जीव घेता म्हणाले. ते ऐकून घेत धागे नीट करत राहिले.

त्या रविवारी लाखांदूरवाली येणार नाही असं मी धरून चालले होते. ती आली. तोंड फुगलेलं होतं, पण मुसळ बरोबर होतं. आम्ही न बोलता वाजवायला लागलो आणि काय सांगू, गाणं असं लागलं, जसं लाखांदूरला काही घडलंच नव्हतं. दुसऱ्या कडव्यात बाबांचा एक धागा तुटला. त्यांनी माग थांबवला, वाकून गाठ मारायला लागले. आणि आम्ही कोसळलो. हुबेहूब लाखांदूरसारख्या, एक पुढं, एक मागं, मी मध्ये. बाबांनी गाठ मारली, पावडी दाबली, खट, सर्र, खट, आणि चार ठोक्यांत आम्ही पुन्हा एका रेषेत.

तळ्यावालीनं काड्या मांडीवर ठेवल्या. "काकाजी," ती म्हणाली, "जराक थांबवा बरं."

बाबांनी थांबवलं. आम्ही वाजवलं. कोसळलो. "आता चालवा." चाललं. तिनं तीनदा करून पाहिलं, आणि मग ती भिंतीला टेकून अशी हसायला लागली की ताट खाली पडलं. आम्हा तिघींपैकी एकीलाही ताल धरता येत नव्हता. एवढे महिने आम्ही मागाच्या ठोक्यावर उभ्या होतो, आणि ते आम्हाला माहीतच नव्हतं. लाखांदूरवालीही हसायला लागली. मीही हसणार होते, पण बाबांकडं नजर गेली. ते हसत नव्हते. समोरच्या कापडावरून तळहात फिरवत होते, सावकाश, चोरून काही झाकावं तसं.

संध्याकाळी आई चुलीपाशी होती. मी तिला हा सगळा प्रकार गंमत म्हणून सांगायला लागले. तिनं भाकरी उतरवली, हात पुसले आणि मला आतल्या खोलीत नेलं. लोखंडी पेटी उघडली. पेटी पंच्यांनी काठोकाठ भरलेली होती.

"हे पाह्य," ती म्हणाली. "उन्हाळ्यापासून विनकर संस्था माल वापस करून राहिली. एकसारखं नाई म्हनते."

मी एक पंचा उचलून दिव्याकडं धरला. माझे बाबा म्हणजे तालुक्यात ज्यांच्या हाताचं कापड न बघता घ्यायचे, ते विणकर. त्यांच्या पंच्यात एक पट्टा दाट होता, मग विरळ, मग पुन्हा दाट. मी त्यावरून बोट फिरवत गेले. दाट, दाट, विरळ. दाट, दाट, विरळ. मग एक लांब, फार दाट पट्टा. माझं बोट थांबलं. ते आमचं पहिलं गाणं होतं. प्रश्न, उत्तर, मधला श्वास, आणि शेवटी पाचव्या वेळचं ओरडणं. आम्ही घाईत यायचो तेव्हा बाबा घाईत ठोकत होते, आम्ही थकायचो तेव्हा ते हात सैल सोडत होते. आम्ही त्यांच्या मागून जात होतो आणि ते आमच्या. त्या खोलीत पुढं कोण होतं हे कोणालाच सांगता आलं नसतं.

"त्याईले आधीच समजलं होतं," आई म्हणाली. "माग थांबला का तुमचं मोडते. म्हनून वर नाई आले. मले म्हने, पोट्टीले सांगू नको." तिचा आवाज चिरकला. "चालनं सुटलं तं मंग काय तुया गिटारीवर बसवू त्याईले?"

मी तिथंच पेटीजवळ बसले. मला लाज वाटली, इतकी की अंग गरम झालं. मी त्यांना हट्टी म्हटलं होतं. आणि खरं सांगायचं तर त्या लाजेच्या खाली कुठं तरी मला आनंदही झाला होता, माझं ओरडणं कोणी तरी धाग्या-धाग्यानं ऐकलं होतं म्हणून. त्या आनंदाची लाज वेगळी.

सकाळी बाबा ओट्यावर चहा पीत होते. मी समोर जाऊन उभी राहिले.

"आमच्यासाठी हात बिघडवला ना तुमी बाबा?"

"बिघडला काहून म्हनतं? बदलला."

"संस्थेनं वापस केलं सारं."

"त्याईले गानं आयकू येत नाई," ते म्हणाले आणि चहा फुंकला. म्हणे मी काई आयकत नाई!

मी म्हटलं, आजच्या आज वर या. आम्ही आमचं बघून घेऊ. तेव्हा त्यांनी पहिल्यांदा माझ्याकडं नीट पाहिलं. "काय पाह्यनार? लाखांदूरले काय झालं ते समजलं मले. बाहेर गेल्या का फसता." थोडं थांबून म्हणाले, "दिवाळीनंतर आपल्या मंडईची जत्रा आहे. तिथी नीट वाजवून दाखवा. मी येतो पाह्याले. नीट झालं तं मी वर आलो समज. नाई झालं तं मी हाव खाली."

"मंडईत नाई जमलं तर?"

"तं माग नेऊ ना तिथी."

"आन् खड्डा?"

"तो तिथीच खंदू," ते म्हणाले. मला हसू आलं आणि रडू आलं आणि मी दोन्ही न करता चहाचा कप घेऊन आत गेले.

महिनाभर वेळ होता. खोलीत वाजवणं मी बंद केलं. तळ्यावालीनं आम्हाला पाळीवर बोलावलं, तळ्याच्या बांधावर. वीज नाही, स्पीकर नाही. नुसत्या काड्या आणि तारा. तिथंही आम्ही कोसळायचो. मागाचा ठोका कानात शोधायचो आणि तो नसायचा, नुसतं पाणी. तिसऱ्या दिवशी तिनं सामान बाजूला ठेवलं आणि आम्हाला डोंग्यात बसवलं, हातात एकेक काठी देऊन.

मासे हाकायचे तर सगळ्यांच्या काठ्या एकामागून एक पडाव्या लागतात. मध्ये फट पडली की मासा त्या फटीतून निघून जातो. तिच्या दुसऱ्या काकानं बांधावरूनच आम्हाला भरपूर शिव्या दिल्या, कारण आम्ही त्याचे बरेच मासे सोडून दिले. मी मोजायला गेले, एक, दोन, तीन, चार. तळ्यावाली म्हणाली, "मोजू नोको. मोजनारीचा मासा जाते. शेजारनीचा हात पाह्य." कोणी पुढं नाही, कोणी मागं नाही. शेजारणीचा हात पडला की आपला.

सकाळी धुकं असायचं. पाणी कुठं संपतं आणि धुकं कुठं सुरू होतं ते दिसायचं नाही, लाखांदूरवाली डोंग्याच्या टोकाला असली तर तिची नुसती सावली दिसायची आणि काठीचा आवाज यायचा. कमळाची पानं डोंग्याला घासत जायची. मी कितीदा तरी विसरले, की आपण कशासाठी इथं आलोय. मग आठवायचं. आत्ता, ह्या क्षणी, बाबा पाय दाबत असतील. मी काठी उचलायचे.

एक सकाळ अशी आली, की कोणाचीच फट पडली नाही. जाळं जड झालं. काकानं शिव्या दिल्या नाहीत, आणि त्यांच्याकडं ह्यालाच शाबासकी म्हणतात असं कळलं. त्या दुपारी आम्ही पाळीवर वाजवलं, पहिल्यापासून शेवटपर्यंत. गाणं मागासारखं सरळ नव्हतं. ते थोडं डुलत होतं, पण डुलताना तिघी एकत्र डुलत होतो.

मंडई म्हणजे आमच्याकडची खरी दिवाळी. प्रत्येक गावाचा दिवस ठरलेला, लेकीबाळी माहेरी आलेल्या, जिलेबीचे ठेले, बांगड्यांची दुकानं, आणि मध्ये बांबू-ताडपत्रीचा मंच, त्यावर दुपारपासून दंडार आणि खडी गंमत. खडी गंमतीत बाप्येच बाया होतात, लुगडं नेसून लाजतात, त्यांना शिट्ट्या पडतात. आम्ही आयत्याच बाया, आम्हाला काय पडणार ह्याची मला चिंता होती. माइकवाल्यानं आम्हाला पुकारलं ते "महिला भजन पार्टी" म्हणून. त्याच्या कागदावर दुसरा रकानाच नव्हता.

बाबा पहिल्या रांगेत प्लास्टिकच्या खुर्चीवर होते. आईनं आणि शेजाऱ्यानं धरून आणलेले. स्वच्छ धोतर, आणि खांद्यावर त्या परत आलेल्या पंच्यांपैकी एक. तळ्यावालीनं मंचावर चढताच ड्रम तिरके फिरवले, त्यांच्याकडं पाठ येईल असे. "त्याईचे पाय दिसले तं मी त्याईच्याच मागं जाईन," ती माझ्या कानात म्हणाली.

मला ते पाय दिसत होते. आम्ही सुरू केलं आणि खुर्चीखाली ते हलायला लागले. डावा, उजवा. डावा, उजवा. चप्पल मातीत दाबली जात होती. ते आम्हाला धरून ठेवत होते, तिथं बसूनही, त्या दुखऱ्या गुडघ्यांनी. त्यांचा ठोका आमच्यापेक्षा जरासा संथ होता. मला माझं सगळं अंग त्या पायांकडं ओढतंय असं वाटलं. लहानपणापासूनची सवय, ती कुठं जाणार? एक ओळ माझी घसरलीच. मी मान वळवली आणि लाखांदूरवालीच्या हाताकडं पाहिलं. तिनं तळ्यावालीच्या हाताकडं. तिचा हात पडला, माझा पडला. बाबांकडं मी पुन्हा बघायचं नाही असं ठरवलं. जन्मात इतकं अवघड काही केलं नव्हतं.

बांगड्यांच्या दुकानापाशी मुलींचा एक घोळका होता. मी "काहून जाऊन राहिली?" म्हटलं, आणि माझं उत्तर यायच्या आधी त्यांच्याकडून आलं, "मनात आलं म्हनून!" पुढच्या वेळी आणखी जणी होत्या. मग एक लेकुरवाळी, मूल कडेवर घेऊन. मग दोन म्हाताऱ्या, ज्यांना आता कुठंच जायचं नव्हतं. बाप्ये एकमेकांकडं बघत होते, की हे भजन कुठलं. पाचव्या वेळी ओरडायचं असतं, तेव्हा अर्धी मंडई ओरडली. आम्ही कुठंही तुटलो नाही.

दुसरं गाणं झालं, तिसरं सुरू झालं. मग मात्र मला राहवलं नाही, मी पाहिलं. बाबांची मान खांद्यावर पडली होती. तोंड थोडं उघडं होतं. ते झोपले होते.

मला आधी संताप आला. माझ्या आयुष्यातला एवढा मोठा दिवस, कान फाटतील असा आवाज, दोन हात अंतरावर स्पीकर, आणि हा माणूस पहिल्या रांगेत झोपतो! मग माझं लक्ष खाली गेलं. चपला बाजूला निघाल्या होत्या. दोन्ही पाय मातीवर उघडे पडले होते, आणि ते हलत नव्हते. मी ते पाय असे कधी पाहिलेच नव्हते. माझे शब्द सुटले, आणि माझ्या वाटची ओळ लाखांदूरवालीनं म्हटली. ताल तसाच चालला होता. तो आमचा होता.

आईनं मला डोळ्यांनी खुणावलं, उठवू नको. जसं काही मी मंचावरून जाऊन उठवणार होते. आम्ही शेवटचं गाणं जमेल तेवढं लांबवलं. एक कडवं तीनदा घेतलं, तरी गाणं कधी तरी संपतंच. तळ्यावालीनं शेवटचा ठोका दिला आणि ताट हातानं धरलं. क्षणभर सगळीकडं शांत झालं.

त्या शांततेनं बाबा दचकून जागे झाले. इकडंतिकडं पाहिलं, पंचा सावरला, आणि मंचाकडं बघून मोठ्यानं म्हणाले, "काहून थांबल्या व?"

आमच्याकडं आणखी गाणं नव्हतं. आम्ही पहिल्यापासून पुन्हा सुरू केलं.